सरोगसीचं लेकरू कायद्याने तुमचं कधी होतं? जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जोडप्यांसाठी कागदपत्रांची वाट

घरात एक वाक्य हमखास निघतं: ‘पोऱ्या आमना शे, मंग कागद कसाले?’ बीज नवऱ्याचं, अंडं बायकोचं, वाढवतेय सख्खी जाऊ, मग कोर्टाची पायरी कशाला? उत्तर सरळ आहे. सरोगसीत, म्हणजे दुसऱ्या बाईने तुमचा गर्भ पोटात वाढवून बाळ जन्माला घालण्यात, आई-बाप कोण हे बाळंतपणानंतर ठरवायचं नसतं. गर्भ रोपण करण्याआधी कोर्टाकडून आदेश घ्यावा लागतो आणि बाळ झाल्यावर तोच आदेश जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून चालतो. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी गर्भ आणि मग कागद, तर क्लिनिकवर आणि तुमच्यावर कारवाई होऊ शकते आणि लेकराच्या दाखल्याचा गुंता वेगळाच.

सरोगसी (विनियमन) अधिनियम, 2021 आणि त्याच्या जोडीचा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा, दोन्ही 25 जानेवारी 2022 पासून लागू आहेत. नियम जून 2022 चे. त्याआधी गुजरातेत आणंदला चालायची तशी पैसे देऊन सरोगसी आता देशात कुठेच चालत नाही. तरी ‘सुरतला सोय होते’ असं सांगणारे दलाल अजून भेटतात. त्यांच्या नादी लागणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड आहे. दुसऱ्यांदा सापडलात तर 10 वर्षं आणि 10 लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

आधी तारखा तपासा

कायद्यात वयाच्या अटी तीन ठिकाणी आहेत आणि सगळी वयं एकाच दिवशी मोजली जात नाहीत. इच्छुक जोडप्यात बायको 23 ते 50 आणि नवरा 26 ते 55 असावा लागतो, पात्रतेचा दाखला मिळतो त्या दिवशी. विधवा किंवा घटस्फोटित स्त्री एकटीही अर्ज करू शकते, तिचं वय 35 ते 45. गर्भ वाढवणारी बाई 25 ते 35, आणि हे वय मोजायचं गर्भ रोपणाच्या दिवशी. फाइल दिली त्या दिवशी ती 34 वर्षं 8 महिन्यांची असेल, तर कोर्ट, वैद्यकीय मंडळ आणि विमा यांत चार महिने गेले की संपलं. एका बाईवर रोपणाचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन करता येतात, पण पस्तिशीच्या काठावरची बाई निवडली तर दुसऱ्या प्रयत्नालाही वेळ उरत नाही. म्हणून तिशीच्या आतबाहेरची बाई बघावी. जोडप्यानेही 50 आणि 55 च्या वाढदिवसाला टेकू नये, त्याच्या बरंच आधी दाखला हातात असावा.

आता आपल्याकडची खरी अडचण: 1 जून. गावातल्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून टाकलेली माणसं घराघरात आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 1 जून 1977, आधारवर 1 जानेवारी 1979, मतदार कार्डावर नुसतंच वय. फाइल तपासणारा अधिकारी तिन्ही कागद शेजारी ठेवतो आणि परत पाठवतो. आधारवरची तारीख शाळेच्या किंवा जन्माच्या दाखल्याशी जुळवून घ्या, आणि हे काम डॉक्टरकडे जाण्याआधी करा. ‘वय कमी दाखवून टाकू’ हा सल्ला कोणी दिला तर कानामागे टाका. फाइल पुढे कधीही उघडली जाऊ शकते.

नावांचंही तसंच. लग्नाआधीचं नाव शाळेच्या दाखल्यावर, लग्नानंतरचं आधारवर. राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर उत्तम. नसेल तर विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं दिसतील अशी नोंदणी करून घ्या. गावात झालेल्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे होते, शहरात महापालिका किंवा नगरपालिकेत. लग्नाला पंधरा वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते. पत्रिका, लग्नातला फोटो, साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी किंवा त्यांचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. नुसत्या फोटोवर ‘कायदेशीर विवाहित जोडपं’ सिद्ध होत नाही.

घटस्फोटित स्त्रीने इथे जास्त सावध राहावं. स्टॅम्पपेपरवर पंचांसमोर लिहिलेली फारकत किंवा काडीमोड घरात कितीही पक्की वाटली, तरी सरोगसीच्या फाइलला तिच्यावर अवलंबून राहू नये. न्यायालयाचा हुकूमनामा लागेल असं धरूनच चाला. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सरसकट लागू होत नाही, त्यामुळे नंदुरबार, शिरपूर, चोपडा भागातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांत रूढीने झालेल्या फारकतीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे दिवाणी न्यायालयातून घोषणात्मक हुकूम घ्यावा लागू शकतो. त्याला वेळ लागतो, आणि 45 ची मर्यादा थांबून राहत नाही.

2022 च्या आधीच भ्रूण गोठवून ठेवलेल्या जोडप्यांना मात्र दिलासा आहे. 9 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायदा लागू होण्याआधी ज्यांनी भ्रूण गोठवून प्रक्रिया सुरू केली होती त्यांना ही वयोमर्यादा लावता येणार नाही. तुमचं तसं असेल तर क्लिनिककडून भ्रूण गोठवल्याच्या तारखेची लेखी नोंद आजच मागून घ्या.

कोणाला दार बंद आहे

अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, लग्नाशिवाय राहणारं जोडपं, परदेशी जोडपं यांना हा कायदा परवानगी देत नाही. आधीचं हयात मूल असेल, मग ते पोटचं असो, दत्तक असो की सरोगसीचं, तरीही नाही. अपवाद एकच: ते मूल मतिमंद किंवा अपंग असेल, किंवा त्याला जीवघेणा, कायमचा उपचार नसलेला आजार असेल आणि जिल्हा वैद्यकीय मंडळाने तसं प्रमाणित केलं असेल. ‘एक मुलगी आहे, आता मुलगा हवा’ यासाठी सरोगसी मिळत नाही, आणि गर्भाचं लिंग निवडणं तर स्वतंत्र गुन्हा आहे.

‘लग्नाला पाच वर्षं झाली पाहिजेत’ आणि ‘बाई जवळच्या नात्यातलीच हवी’ या दोन गोष्टी अजून सांगितल्या जातात. दोन्ही जुन्या विधेयकात होत्या, मंजूर झालेल्या कायद्यात नाहीत. बाई नात्यातली नसली तरी चालते. मात्र ती कधीतरी विवाहित झालेली असावी, तिला स्वतःचं मूल असावं आणि याआधी तिने सरोगसी केलेली नसावी, कारण आयुष्यात एकदाच करता येते. तिचं स्वतःचं अंडं वापरता येत नाही. म्हणजे जाऊबाईने अंडंही द्यायचं आणि गर्भही वाढवायचा, हे चालणार नाही.

बीज, म्हणजे अंडं आणि वीर्य, कोणाचं, यावर नियम दोनदा बदलला. मार्च 2023 मध्ये दोन्ही बीजं जोडप्याचीच हवीत असं आलं. 21 फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने सैल झालं: नवरा किंवा बायको यांपैकी एकाला वैद्यकीय अडचण आहे असं जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केलं तर एक बीज दात्याचं चालतं, पण दुसरं जोडप्यातल्याचंच हवं. एकट्या स्त्रीला स्वतःचंच अंडं आणि दात्याचं वीर्य वापरावं लागतं. दाता नोंदणीकृत एआरटी बँकेतूनच घ्यायचा. ‘दीराचं वीर्य देऊन टाकू, घरातलं घरात राहील’ असला मार्ग नाही.

पैसे आणि आहेर

बाईचा दवाखान्याचा खर्च, विमा आणि नियमांत मान्य असलेला खर्च एवढंच द्यायचं. याव्यतिरिक्त रोख असो की वस्तू, मोबदला मानला जातो. पाटल्या, मोटारसायकल, बोअरवेलचे पैसे, अर्धा एकर नावावर करणं, सगळं यात येतं. डोहाळजेवणाला नेसवलेली साडी कोणी मोजणार नाही, पण गूगल पेवर दर महिन्याला ठराविक रक्कम गेलेली दिसली तर ती पगार वाटते. औषधं, तपासण्या, प्रवास, आहार यांचा खर्च शक्यतो थेट दुकानाला आणि दवाखान्याला भरा आणि बिलं एका फाइलीत लावा. बिलं नसली तर तुमचा शब्द पुरत नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर बाईवर नवऱ्याने, जोडप्याने किंवा नातलगाने जबरदस्ती केली असं न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

त्यामुळे संमतीचा कागद फार जपून करावा. प्रक्रियेचे ज्ञात दुष्परिणाम समजावून, बाईला समजणाऱ्या भाषेत, लेखी संमती घ्यायची असं कायदा सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाईला इंग्रजी फॉर्मवर अंगठा लावायला सांगणं म्हणजे संमती नव्हे. पावरी किंवा भिली बोलणारी नर्स, आशाताई किंवा शिक्षिका समोर बसवून प्रत्येक मुद्दा सांगा आणि समजावणाऱ्याची सहीही घ्या. गर्भ रोपण होईपर्यंत ती संमती मागे घेऊ शकते, हे तिला त्याच वेळी सांगा. रोपणाआधी ती मागे फिरली तर तुम्हाला वाईट वाटेल, पण कायदा तिच्या बाजूने आहे आणि तसंच असायला हवं.

तीन कागद, याच क्रमाने

समुचित प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे या कायद्याखाली परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून, मिळणारं एसेन्शियालिटी सर्टिफिकेट (सरोगसीची गरज असल्याचा दाखला) हे दार उघडणारं पत्र. ते मिळण्याआधी हातात तीन गोष्टी लागतात. जोडप्याचा आणि बाईचा पात्रतेचा दाखला वेगळा.

पहिला कागद जिल्हा वैद्यकीय मंडळाचा: सरोगसीची वैद्यकीय गरज आहे असा. मंडळात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचे आरोग्य अधिकारी, जिल्ह्याचे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असतात. मान्य कारणं अशी: गर्भाशय नसणं, काढलेलं असणं किंवा गर्भ धरू शकणार नाही असं असणं, त्यात गर्भाशयाचं अस्तर पातळ असणं आणि आतल्या भिंती एकमेकींना चिकटणंही आलं. वारंवार आयव्हीएफ किंवा इक्सी (प्रयोगशाळेत अंडं फळवण्याचे उपचार) करूनही गर्भ न राहणं. कारण न सापडता पुन्हा पुन्हा गर्भपात होणं. आईच्या जिवावर बेतेल असा आजार. अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा आजारामुळे नाही, पुराव्यामुळे. ‘तीन वेळा आयव्हीएफ फेल’ असं एका ओळीचं पत्र पुरत नाही. प्रत्येक सायकलचा डिस्चार्ज कागद, रोपणाची तारीख, भ्रूणांची संख्या, बीटा एचसीजीचा (गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, सोनोग्राफी आणि हिस्टेरोस्कोपी (गर्भाशयाची दुर्बिणीने तपासणी) हे तारखेनुसार लावा. नाशिक, इंदूर, सुरत असे दवाखाने बदलत गेलेली जोडपी इथेच अडकतात, कारण जुनी फाइल मिळत नाही. ती मागण्यात एक-दोन महिने जातील हे धरून चाला.

दुसरा कागद न्यायालयाचा, आणि तोच पालकत्वाचा कणा.

अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शहादा अशा तालुक्याच्या ठिकाणीही हे न्यायालय असतं. अर्जदार दोन्ही बाजू असतात: इच्छुक जोडपं आणि गर्भ वाढवणारी बाई, तिघांच्याही सह्या. ‘बाईचं प्रतिज्ञापत्र जोडलंय, तिला कशाला आणायचं?’ असं म्हणू नका, तिला न्यायाधीशांसमोर उभं करा. वकील गुन्हेगारी खटले चालवणारा असेल तर त्याने हा अर्ज आधी केलेला आहे का, ते विचारा. अनेकांनी केलेला नसतो, आणि मग कोणी दत्तकाचा अर्ज टाकतं, कोणी नुसता नोटरी करार करून देतं. पाचशेच्या स्टॅम्पवरचा करार कितीही जाड असला तरी त्याने पालकत्व मिळत नाही.

अर्जाच्या मागणीत काय असावं ते नीट लिहून घ्या. जन्मणाऱ्या मुलाचं पालकत्व आणि ताबा जोडप्याकडे राहील, एवढं तर हवंच. त्याशिवाय ‘जन्मणारं मूल किंवा मुलं’ असं लिहा, कारण जुळं झालं आणि आदेशात ‘मूल’ असं एकवचन असलं की नोंदणी कारकून अडवतो. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा विभक्त झाले तरी पालकत्व कायम राहील अशी ओळ घाला. जन्मनोंदीत आई आणि वडील म्हणून कोणती नावं लागतील, ती आधारवरच्या स्पेलिंगसकट आदेशात यावीत. एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीसाठी परत तारीख घ्यावी लागते. आदेश झाला की नक्कल विभागातून पाच-सहा प्रमाणित प्रती एकदमच काढा: क्लिनिक, प्राधिकारी, दवाखाना, जन्मनोंदणी, तुमची एक, आणि एक बाईकडे.

तिसरा कागद विम्याचा: बाईच्या नावाने 36 महिन्यांचा आरोग्य विमा, बाळंतपणाची आणि त्यानंतरची गुंतागुंत धरून. चुका कुठे होतात? एक वर्षाची पॉलिसी घेऊन ‘दरवर्षी नूतनीकरण करू’ म्हणतात. कागदावर 36 महिने दिसत नाहीत म्हणून परत येते. तुमच्या कुटुंबाच्या फ्लोटरमध्ये (सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत) बाईचं नाव घालू बघतात, पण ती कुटुंबात बसत नाही. सामान्य मेडिक्लेममध्ये प्रसूतीसाठी प्रतीक्षा काळ असतो, तो बऱ्याचदा पूर्ण गर्भारपणापेक्षाही लांब असतो. एजंटला पहिल्याच भेटीत विचारा: पॉलिसीवर मूळ विमाधारक कोण, मुदत कधीपासून कधीपर्यंत, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव किंवा संसर्ग यात येतो का. विम्यासोबत जोडप्याचं न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं हमीचं प्रतिज्ञापत्रही लागतं. न्यायालयात पालकत्वाच्या अर्जासाठी जाल तेव्हाच त्याची तयारी करून न्या, एक खेप वाचते.

हे तीन झाल्यावर पुढची फाइल. प्राधिकाऱ्याने नाकारलं तर नकाराची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं, म्हणून तोंडी ‘नाही’ ऐकून परतू नका, लेखी घ्या. त्यापुढे उच्च न्यायालयात जायचं झालं तर खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठ.

क्लिनिक आणि सीमेपलीकडचा प्रश्न

नवापूर आणि नंदुरबारहून सुरत जवळ, रावेर आणि शिरपूरहून इंदूरकडे ओढा. जायला हरकत नाही. क्लिनिकची सरोगसीसाठी नोंदणी आहे का ते बघा, नुसती आयव्हीएफची पुरत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. नसेल लावलेलं तर उठून या. दुसरं, दवाखाना दुसऱ्या राज्यात असेल तर तुमची फाइल कोणत्या राज्याच्या प्राधिकाऱ्याकडे आणि कोणत्या जिल्ह्याच्या मंडळाकडे जाईल हे क्लिनिककडून लेखी घ्या, तेही पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी.

रोपण एकाच भ्रूणाचं करायचं, खास परिस्थितीत तीनपर्यंत, असा नियम आहे. ‘दोन टाका, एक तरी लागेल’ असा आग्रह जोडप्याकडून होतो आणि जुळ्यांचा सगळा धोका दुसरीच बाई सोसते. गर्भपातासाठी तिच्यावर जबरदस्ती कोणीच करू शकत नाही. आणि मूल व्यंग असलेलं निघालं, मुलगी झाली, जुळी झाली, अशा कोणत्याही कारणाने ते टाकून देता येत नाही.

बाळंतपण आणि जन्मनोंद

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि तो कारकुनी असतो. बाईची नोंद गर्भारपणात आशाताईंकडे आणि उपकेंद्रात तिच्याच नावाने होते, कारण पेशंट तीच. दवाखान्यात भरती होतानाही केसपेपर तिच्या नावाचा, तो तसाच असला पाहिजे. जाऊबाईला होणाऱ्या आईच्या नावाने आणि आधारने भरती करण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. रक्तगट चुकण्यापासून खोट्या नोंदीच्या गुन्ह्यापर्यंत काहीही होऊ शकतं. अडचण पुढे येते: केसपेपरवरचं आईचं नाव जन्म अहवालात जसंच्या तसं उतरवलं जातं.

म्हणून भरतीच्या दिवशीच न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत रेकॉर्ड विभागात द्या आणि पोच घ्या. केसपेपरच्या वरच्या बाजूला ‘सरोगसी, जन्म अहवाल आदेशानुसार’ असं लाल शाईने लिहून घ्या. जन्म अहवाल पाठवण्याआधी तो तुमच्या डोळ्यांनी वाचा: आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता. डिस्चार्जच्या गडबडीत हेच राहतं. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो. जिथे जन्म झाला तिथेच नोंद होते, म्हणजे सुरतला जन्म झाला तर दाखला सुरतचा. तिथे इंग्रजीत नाव लिहिताना ‘पाटील’चं स्पेलिंग काय पडलंय ते तपासा, आदेशातल्याशी जुळलं पाहिजे. उशीर झाला तर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं. त्यापुढे वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांची परवानगी, आणि वर्षानंतर जिल्हाधिकारी किंवा प्रांत यांचा आदेश लागतो.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि सरोगसीच्या जन्माची माहिती जैविक पालकाने द्यायची हे त्यात आलं. सरोगसीच्या कायद्यानुसार जन्मलेलं मूल इच्छुक जोडप्याचं जैविक मूल मानलं जातं, दात्याचं बीज असलं तरीही. वारस म्हणूनही ते पोटच्या लेकरासारखंच, शेतीच्या सातबाऱ्यापर्यंत. वेगळं दत्तकपत्र करायची गरज नाही, करूही नका. उगाच केलेल्या दत्तकपत्राने पुढे कोणीतरी विचारतं की हे मूल नक्की कोणाचं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक ठिकाणी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यातली चूक पुढे जिथे जाल तिथे आडवी येते.

नोकरी करणाऱ्या आईने स्वतःचं अंडं वापरलं असेल तर बाळ हाती आल्यापासून 12 आठवड्यांची प्रसूती रजा मागता येते. केंद्र सरकारी नोकरीत जून 2024 पासून ही रजा 180 दिवसांची आहे, बाळ जन्माला घालणाऱ्या बाईलाही आणि आईलाही, दोन्हीपैकी जी सरकारी नोकरीत असेल तिला, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर. बापाला 15 दिवस. रजेच्या अर्जाला न्यायालयाचा आदेश आणि जन्माचा दाखला जोडा. कार्यालयाला बाईचे वैद्यकीय कागद दाखवायची गरज नाही, ते तिचे खासगी आहेत.

क्लिनिकने सगळ्या नोंदी 25 वर्षं जपायच्या असतात. तुम्हीही न्यायालयाच्या आदेशाची एक प्रमाणित प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाळ्यात ओल येणार नाही अशा जागी, सातबाऱ्याच्या उताऱ्यांपासून वेगळी ठेवा. लॅमिनेशन मात्र करू नका, शिक्क्याची पडताळणी मग होत नाही.